पटावरचं नाव आणि वर्गातलं मूल

"मुलगा गुणी आहे सर, पण त्याच्यासाठी वेगळी शाळाच बरी." वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर आधी शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं, की ते कुणा एकाचं राहिलंच नाही. आर्वीकडच्या एका तरुण शिक्षिकेनं ते काळजीनं म्हटलं, निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी थकून म्हटलं, आणि एका मुख्याध्यापकांनी यू-डायसची माहिती भरता भरता सहज म्हटलं. यांतलं कुणीही निर्दय नव्हतं. शिक्षण परिषदेत 'दिव्यांग मुलांनी सगळ्यांबरोबर शिकावं का?' असा विषय निघाला की हीच मंडळी एकमुखानं होकार देतात. तत्त्वाला होकार आणि स्वतःच्या वर्गाला नकार, याला ढोंग म्हणून मोकळं होता येतं. मला ते ढोंग वाटत नाही. त्या नकारात बरीच खरी माहिती असते. ती कुणी नीट ऐकून घेत नाही, एवढंच.

ही तफावत फक्त आपल्याकडची नाही. टॉमस स्क्रग्ज आणि मार्गो मास्ट्रोपिएरी या अमेरिकी अभ्यासकांनी १९९६ साली तोवर झालेल्या २८ पाहण्या एकत्र करून दहा हजारांहून अधिक शिक्षकांची मतं तपासली होती. सुमारे दोन तृतीयांश शिक्षकांना सर्वसमावेशक शिक्षणाचं तत्त्व मान्य होतं. पण त्यासाठी लागणारा वेळ, प्रशिक्षण आणि साधनं आपल्याकडे पुरेशी आहेत, असं म्हणणारे जेमतेम एक तृतीयांश किंवा त्याहून कमी निघाले. त्या पाहण्या मुख्यतः श्रीमंत देशांतल्या होत्या. तिथं ही कथा, तर समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेची काय असेल? म्हणून 'तुम्हाला हे पटतं का?' असं शिक्षकांना विचारण्यात अर्थ नाही. सगळे हो म्हणतात. 'तुमचं अडतं कुठं?' असं विचारलं की खरं बोलणं सुरू होतं.

पहिलं अडतं ते वेळेपाशी. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. कागदावर हे प्रमाण चांगलं दिसतं. प्रत्यक्षात एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. त्यातला एक मतदार यादीच्या कामाला, बैठकीला किंवा गट साधन केंद्रात माहिती द्यायला गेला, की उरलेल्याकडे चारही वर्ग आणि पोषण आहाराची खिचडी. अशा दिवशी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाजवळ बसून त्याला एक ते पाच ओळखायला शिकवायचं, तर बाकीचे काय करतील, हा शिक्षकाचा सवाल चुकीचा नाही. तो शिक्षकाच्या वृत्तीचा प्रश्न नसून मनुष्यबळाचा आहे, आणि त्याचं उत्तर प्रबोधनपर भाषणानं मिळत नाही.

दुसरं अडतं ते कौशल्यापाशी. "आम्हाला हे शिकवलंच कुणी?" असं शिक्षक म्हणतात, तेव्हा ते खरं बोलत असतात. डी.एड.च्या अभ्यासक्रमात अपंगत्वाचे प्रकार पाठ करून आलेला शिक्षक स्वमग्न मुलानं कानांवर हात ठेवून किंचाळायला सुरुवात केली की गांगरतो. व्याख्या त्याला येते. पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं ते येत नाही. ही उणीव भरून काढायला विशेष शिक्षक असतात, पण ते वर्षानुवर्षं कंत्राटावर राहिले आणि एकेकाच्या वाट्याला इतक्या शाळा आल्या, की भेट म्हणजे हजेरी पाहणं आणि सही करणं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं प्रमाण सांगितलं. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला, म्हणजे केंद्रामागे एक. हे पाऊल मोठं आहे. मात्र केंद्रात दहा-बारा शाळा असतात, आणि त्यांतल्या दोन गावांना दिवसातून एकदाच एसटी येते, हे लक्षात ठेवून त्या एका माणसाकडून अपेक्षा करायला हवी.

तिसरं अडतं ते भीतीपाशी, आणि याविषयी शिक्षक फारसं उघड बोलत नाहीत. मुलाला फीट आली तर? पायरीवरून पडला तर गाव कुणाला धरेल? कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलीला स्वच्छतागृहात कोण नेणार, आणि शाळेत दोन्ही शिक्षक पुरुष असतील तर? कायद्यानं शाळा अडथळाविरहित हवी. उताराची वाट बहुतेक शाळांत झाली आहे. पण ती पुष्कळ ठिकाणी इतकी खडी आहे, की मुलं तिच्यावरून घसरण्याचा खेळ खेळतात. चाकाची खुर्ची तिच्यावर चढत नाही. कमोड बसवलेल्या खोलीला कुलूप आणि आत तांदळाची रिकामी पोती, हेही मी पाहिलं आहे. मुलाला मदतनीस भत्ता मिळतो, प्रवास भत्ता मिळतो, दिव्यांग मुलींना महिन्याला दोनशे रुपये विद्यावेतन मिळतं. मात्र मधल्या सुट्टीत हात धरणारं माणूस त्या पैशांतून उभं राहत नाही. शाळेत एक मदतनीस असती तर अर्ध्या शिक्षकांचा नकार तिथंच गळून पडला असता, असं मला पक्कं वाटतं.

चौथं अडतं ते निकालापाशी. चाचण्या होतात, गुण पोर्टलवर चढतात, शाळांची तुलना होते, आणि वाचता न येणाऱ्या मुलांचा आकडा वरिष्ठ विचारतात. सोळा पटाच्या वर्गात एक मूल मागे राहिलं तरी टक्केवारी धाडकन खाली येते. मग शिक्षक काय करतो? त्या मुलाला पटावर ठेवतो आणि हिशेबातून वगळतो. त्याच्या पुढे 'दिव्यांग' असं लिहिलं की प्रश्न संपला. त्या मुलानं वर्षभरात काय मिळवलं, हे ना पोर्टल विचारतं, ना साहेब. ज्या कामाची कुठंच नोंद होत नाही, ते काम मन लावून करणारे शिक्षक आहेत, पण सगळी व्यवस्था अशा माणसांच्या भरवशावर चालवता येत नाही.

या चारही हरकतींना सरकारनं उत्तर द्यायला हवं. पाचवी हरकत मात्र शिक्षकाची स्वतःची आहे, आणि तिचं उत्तर त्यालाच द्यावं लागेल. ती सहसा बोलली जात नाही. 'हा शिकून करणार काय?' असं तिचं रूप असतं, आणि तिच्यावर दयेचं पांघरूण असतं. दया करणारा शिक्षक मुलाला रागावत नाही, त्याला प्रश्न विचारत नाही, गृहपाठ तपासत नाही. "बसू दे बिचाऱ्याला." मूल आठ वर्षं बसतं, दाखला घेऊन बाहेर पडतं, आणि त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. वर्गाबाहेर काढलेल्या मुलावरचा अन्याय निदान दिसतो. वर्गात बसवून ठेवलेल्या मुलावरचा अन्याय दिसत नाही, कारण हजेरीपत्रकावर ते मूल रोज हजर असतं.

शिक्षकांच्या मनात अपंगत्वांची एक उतरंडही असते. पायानं अधू असलेलं मूल चालतं, कारण त्याच्यासाठी शिकवण्याची पद्धत बदलावी लागत नाही. अंध मुलाचं कौतुक होतं. कमी ऐकू येणारं मूल शांत बसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता आली की विरोध सुरू होतो. आणि अक्षरांची उलटापालट करणारं, एरवी चुणचुणीत दिसणारं मूल तर अपंगांत धरलंच जात नाही. ते 'आळशी' किंवा 'लक्ष नसलेलं' ठरतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ते एकवीस केले, त्यात अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली, आणि आपल्या भागाशी फार जवळचा संबंध असलेला सिकलसेलही आला.

सिकलसेलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण विदर्भातल्या शिक्षकाला हे मूल भेटतंच. दिसायला ते इतरांसारखंच असतं, फार तर किडकिडीत, डोळ्यांत पिवळसर झाक. महिन्यातून काही दिवस ते येत नाही. हाडं दुखतात, ताप येतो, सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात भरती व्हावं लागतं. परत आलं की वर्ग दोन धडे पुढे गेलेला असतो. शिक्षक त्याला 'नेहमी दांडी मारणारा' म्हणतो. या मुलासाठी उताराची वाट नको, ब्रेल नको. त्याला सारखं पाणी पिऊ द्यावं, उन्हात कवायतीला उभं करू नये, थंडीच्या परिपाठात स्वेटर घालू द्यावा, दुखतंय म्हणालं तर विश्वास ठेवावा, आणि बुडालेला अभ्यास शेजारच्या मुलाच्या वहीतून घरी पोचवावा. यात एका पैशाचाही खर्च नाही. तरी हे घडत नाही, कारण समावेशन म्हणजे काहीतरी मोठी, खर्चिक, तज्ज्ञांची गोष्ट, असं शिक्षकाच्या मनात बसलेलं आहे.

वेगळी जागा की आपल्यातली जागा, हा पेच या जिल्ह्यानं फार आधी पाहिला आहे. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांची वसाहत उभी केली. ज्यांना गावानं हाकललं त्यांना तिथं उपचार, काम आणि मान मिळाला. त्या काळात ती फार मोठी गोष्ट होती. तीनेक वर्षांनी कुष्ठरोगी झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामच्या आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना आपल्या जवळच कुटी बांधून दिली आणि स्वतः त्यांची मालीश केली. परचुरे कुटी आजही आश्रमात आहे. सहलीला येणारी शाळकरी मुलं तिच्यापुढून जातात. कुष्ठरोग आणि अपंगत्व या दोन गोष्टी एक नाहीत, आणि तेव्हा संसर्गाची भीतीही खरी होती. पण वेगळी व्यवस्था करुणेतून येऊ शकते आणि तरीही शेजारी जागा देणं ही तिच्या पुढची पायरी असते, एवढं या दोन ठिकाणांकडे पाहून कळतं. विशेष शाळांना मी नावं ठेवत नाही. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांच्या आनंदवनात अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळांनी जे केलं, ते सर्वसाधारण शाळांना जमलेलं नाही. ब्रेल किंवा खुणांची भाषा सुरुवातीला नीट शिकायची, तर तिथल्यासारखे जाणते शिक्षक लागतात. पण सहा वर्षांच्या लेकराला घरापासून दूर वसतिगृहात ठेवायला कुठल्या आईचं मन धजेल? एका आईनं मला सरळ सांगितलं होतं : "गुरुजी, शिकला तं शिकला, नाई तं पोराईत तं राहीन. घरी एकटा भितीकडे पायत रायते जी." मुलाच्या हक्काची याहून साधी मांडणी मी कुठल्या परिपत्रकात वाचलेली नाही.

वर्ध्याचा आणखी एक वारसा इथं आठवतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सर्वांना सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हातानं करायच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेलं, असा ठराव तिथं झाला. पुढे झाकिर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला. ती नयी तालीम. आज सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं शेती, स्वयंपाक, सूतकताई यांतून गणित आणि विज्ञान शिकतात. तिकडे पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. पुस्तक वाचणं आणि प्रश्नांची उत्तरं लिहिणं एवढंच ज्या वर्गात काम असतं, तिथं ते न जमणारं मूल शून्यावर येतं. वाफा तयार करायचा असेल तर मोजायला कुणी लागतं, खणायला कुणी, पाणी द्यायला कुणी, नोंद ठेवायला कुणी. करण्यासारखं काही प्रत्येकाला सापडतं, आणि शिक्षकाला प्रत्येक मुलातलं काही ना काही दिसतं. आपल्याकडे कपाशीची बोंडं एका दिवशी फुटत नाहीत, म्हणून शेतकरी दोन-तीन वेचे करतो. एकाच वेच्यात शेत उरकायचा हट्ट शाळाच धरते. मात्र इथं एक सावधगिरी हवी. 'याला वाचन जमत नाही, हातकाम द्या' असं म्हणून दिव्यांग मुलाच्या हाती झाडू आणि पाण्याची कळशी देणारे वर्गही असतात. काम शिकण्यासाठी असेल तर नयी तालीम, शिकण्याऐवजी असेल तर वेठ.

मग शिक्षकांची मतं बदलतात कशी? मी जे पाहिलं त्यावरून सांगतो : भाषणानं बदलत नाहीत, मुलामुळे बदलतात. सेलू तालुक्यातल्या एका शाळेत अंधूक दिसणारी एक मुलगी तिसरीत आली. तिच्या बाईंचं पहिलं मत आपल्या ओळखीचंच होतं. पण मुलगी रोज यायची, तेव्हा बाईंना काहीतरी करणं भागच होतं. त्यांनी फळा पुन्हा काळा करून घेतला, अक्षर मोठं काढू लागल्या, तिला खिडकीकडे पाठ करून पुढे बसवलं, आणि फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं उच्चारू लागल्या. वर्ष संपताना त्या म्हणाल्या, "सर, बाकीच्या पोरांचं शुद्धलेखन सुधारलं." दुसऱ्या एका शाळेत कानाला यंत्र लावणारा मुलगा आल्यावर गुरुजींची फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय सुटली, आणि मागच्या रांगेतल्या मुलांनाही पहिल्यांदा नीट ऐकू येऊ लागलं. उलटही घडलेलं पाहिलं आहे. उत्साहानं सुरुवात केलेल्या एका शिक्षिकेला वर्षभर ना विशेष शिक्षक भेटला, ना ब्रेल पुस्तकं वेळेवर मिळाली. तिचं मत अनुभवानं आणखी कडवट झालं. म्हणजे मूल वर्गात येणं पुरेसं नाही. ते आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मदत पोचली, तर शिक्षक त्या मुलाच्या बाजूनं उभा राहतो. मदत उशिरा आली, तर तो कायमचा विरुद्ध जातो. प्रशिक्षणाचा सगळा पैसा मत बदलण्यावर खर्च करणाऱ्या यंत्रणेनं हा क्रम ध्यानात घ्यावा.

प्रमाणपत्राबद्दलही एक गैरसमज आहे. चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड सवलतींसाठी लागतं; शिकवण्यासाठी लागत नाही. ऐन सोयाबीनच्या हंगामात मजुरी बुडवून जिल्हा सामान्य रुग्णालयात खेटे घालणाऱ्या बापाला 'कागद आणा, मग बघू' म्हणणं हा मुलाचं एक वर्ष वाया घालवायचा हमखास मार्ग आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क दिला, तोही असाच वापरला जातो. हक्क मुलाचा आहे; शाळेची सुटका करून घेण्यासाठी तो नाही.

आणि समावेशनावर बोलताना कमी पटाच्या शाळांवर बोलणं भाग आहे. वर्गात बारा मुलं असतील, शिक्षक प्रत्येकाच्या घरचं ओळखत असेल, शाळा घरापासून दोनशे पावलांवर असेल, तर दिव्यांग मुलासाठी याहून चांगली शाळा कुठली? अशा शाळा आपल्या जिल्ह्यात ढिगानं आहेत. २०२३ मध्ये राज्यानं वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. मोठ्या शाळेत सोयी जास्त, हे खरं. पण धडधाकट मूल बसनं चार किलोमीटर जाईल. कुबड्यांवरचं मूल, फीट येणारं मूल, अनोळखी आवाजांना घाबरणारं मूल घरी बसेल. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, हा नियम सर्वांसाठी सोयीचा असेल. या मुलांसाठी ती शाळेत येण्याची अटच आहे.

शासनानं करायचं ते शासनाकडे मागत राहू : मदतनीस, वेळेवर येणारा विशेष शिक्षक, चाक चढेल असा उतार, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह, आणि या मुलांची प्रगती मोजणारी वेगळी नोंद. पण ही यादी पुरी होईपर्यंत आपल्या वर्गातलं मूल थांबणार नाही. ते मोठं होत जाईल. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. या खेपेला तुमच्या वर्गात असं मूल आलं, तर त्याच्या आईला पहिल्याच आठवड्यात बोलवा आणि 'याला काय येत नाही?' असं विचारू नका. ते सांगून ती थकली आहे. 'हा घरी काय काय करतो?' असं विचारा, तिचं उत्तर वहीत लिहून घ्या, आणि त्यातल्या एका गोष्टीपासून शिकवायला लागा. वेगळ्या शाळेबद्दलचं मत वर्षाअखेरीस ठरवा. तोवर ते राखून ठेवण्याइतका उदारपणा प्रत्येक शिक्षकाला परवडतो.